राज्यमार्ग गावात शिरतो तेव्हा

कोल्हापुरातून दक्षिणेला जाणारा गारगोटीचा रस्ता सुमारे पन्नास किलोमीटरचा आहे. संभाजीनगर स्टँड मागे पडले की कळंबा, मग इस्पुर्ली, दूधगंगा ओलांडून बिद्री, पुढे मुदाळतिट्टा आणि शेवटी वेदगंगेच्या खोऱ्यातले गारगोटी, म्हणजे भुदरगड तालुक्याचे ठाणे. एसटी, वडाप, दुधाच्या गाड्या, कॉलेजला निघालेली पोरे, हंगामात उसाच्या ट्रॉल्या, सगळ्यांची वाट हीच. नकाशावर हा राज्यमार्ग एका जाडीच्या रेघेने काढलेला असतो. जमिनीवर मात्र त्याचे दोन रस्ते होतात. शिवारात तो वाहतुकीचा रस्ता असतो आणि वस्तीत शिरला की गावाची पेठ. राज्यमार्गाचे बहुतेक अपघात, भांडणे आणि वाया गेलेला पैसा या दुसऱ्या तुकड्याशी बांधलेला आहे, असे माझे ठाम मत आहे. ते पटायला आधी हा रस्ता इथवर कसा आला ते पाहायला हवे.

रेल्वे येण्यापूर्वी या मुलखातला माल मुख्यतः पूर्व-पश्चिम चाले. घाटावरचे धान्य, गूळ, तंबाखू कोकणात उतरे आणि मीठ, नारळ, सुकी मासळी वर चढे. शिलाहारांच्या काळी विजयदुर्गच्या खाडीवरचे खारेपाटण ही भरभराटीची पेठ होती आणि सह्याद्रीच्या घाटवाटांनी ती वरच्या मुलखाशी जोडलेली होती. भुदरगड शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधला असे मानतात. त्याच्या दक्षिणेला रांगणा. हे किल्ले कुणाच्या दिमाखासाठी उभे नव्हते. खालून वर येणाऱ्या वाटा त्यांच्या नजरेखाली होत्या. शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेपूर्वी पाटगावला मौनी महाराजांच्या दर्शनाला आले होते, तेही वेदगंगेच्याच खोऱ्यात. १८४४ साली गडकऱ्यांचा उठाव सामानगडावर पेटला आणि भुदरगडापर्यंत पोहोचला. तो मोडून काढल्यावर इंग्रजांनी या गडांची तटबंदी निकामी केली. त्यानंतर मुलखावरचा ताबा गडांवरून रस्त्यांवर आला, असे म्हणायला हरकत नाही.

१८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि मालाची दिशा फिरली. गूळ आता कोल्हापूरच्या बाजाराकडे निघाला. संस्थानची राजधानी, बाजार, रेल्वे, दवाखाना, कचेरी असे सगळे उत्तरेला एका ठिकाणी गोळा झाल्यावर गारगोटीहून कोल्हापूरला जाणारी उभी वाट जुन्या आडव्या वाटेइतकीच महत्त्वाची झाली. या दोन वाटा मुदाळतिट्ट्याला एकमेकींना भेटतात. उभी वाट कोल्हापूर-गारगोटीची आणि आडवी देवगड-निपाणीची. सकाळच्या वेळी तिथे थोडे थांबून कुठली गाडी कुठे वळते ते पाहावे. भुदरगड, राधानगरी, कागल अशा तीन तालुक्यांचा व्यवहार कसा चालतो ते तिथे उघड दिसते.

देवगड-निपाणी राज्यमार्ग हा मला महाराष्ट्रातल्या सर्वांत बोलक्या रस्त्यांपैकी एक वाटतो. हापूसच्या बागांतून निघून नांदगावला तो मुंबई-गोवा महामार्ग ओलांडतो, फोंडा घाट चढून दाजीपूरच्या जंगलाशेजारी येतो, राजर्षी शाहू महाराजांनी वसवलेल्या राधानगरीतून उसाच्या पट्ट्यात उतरतो आणि मुदाळतिट्टा, आदमापूर, मुरगूड करत निपाणीच्या तंबाखूच्या पेठेत पुणे-बेंगळुरू महामार्गाला मिळतो. समुद्र, घाट, अभयारण्य, धरण, साखर कारखाना, देवस्थान आणि राज्याची हद्द, एवढे सगळे एका वाटेवर. राधानगरीचे अभयारण्य १९५८ साली जाहीर झाले आणि २०१२ पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत मोडते. त्यामुळे घाटमाथ्यावर रस्ता हवा तसा रुंद करता येत नाही, आणि करूही नये. रात्री त्या टप्प्यात गवे रस्त्यावर येतात. तिथे वेग कमी ठेवणे हाच उपाय आहे.

या रस्त्याचे पूर्वेकडचे टोक दुसऱ्या राज्यात आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. राज्यमार्गाची मालकी राज्याच्या बांधकाम खात्याकडे असते, म्हणून हद्दीवर खाते बदलते, अंदाजपत्रक बदलते, दुरुस्तीची वेळही बदलते. लोकांचा बाजार मात्र हद्द मानत नाही. मार्च-एप्रिल १९८१ मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी निपाणीजवळ महामार्गावर ठिय्या दिला होता. तीन आठवड्यांहून अधिक काळ रस्ता अडलेला होता आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. दर मागायला शेतकरी बाजार समितीत न बसता रस्त्यावर बसला, कारण त्याच्या मालाची आणि साऱ्या देशाच्या वाहतुकीची नस तिथे होती.

घाटाविषयी थोडे तपशिलाने सांगायला हवे. एकोणिसाव्या शतकात सह्याद्रीत गाडीरस्ते आखताना बैलगाडी हे माप होते. भरली गाडी बैलांना दम न लागता वर न्यायची तर चढ साधारण वीस फुटांना एक फूट, याहून फार तीव्र चालत नाही. आजच्या भारतीय मानकांतही डोंगराळ भागातला नेहमीचा चढ पाच टक्के, म्हणजे तेवढाच, धरलेला आहे. उंची तीच आणि चढ सौम्य ठेवायचा म्हटले की लांबी वाढवावी लागते. त्यातूनच नागमोडी वळणे जन्माला येतात. अगदी उलटे फिरणाऱ्या वळणात आतल्या कडेची त्रिज्या किमान चौदा मीटर असावी आणि त्या वळणापुरता चढ अडीच टक्क्यांच्या आत असावा, असा नियम आहे. अवजड ट्रक वळणात का अडकतो याचे उत्तर यात आहे: त्याला वळायलाही जागा लागते आणि त्याच वेळी चढायलाही जोर लागतो. शिवाय वळणावर रस्त्याची बाहेरची कड उचललेली असते, म्हणजे गाडी बाहेर फेकली जाऊ नये. दुरुस्ती करताना नुसते डांबर ओतून ही उचल घालवली तर दिसायला रस्ता गुळगुळीत होतो आणि धोका वाढतो.

रस्त्यांची आजची उतरंड इंग्रजी अमलाच्या शेवटच्या दोन दशकांत ठरली. १९२७ साली देशातल्या रस्त्यांचा विचार करायला समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. रस्ते हा केवळ स्थानिक प्रश्न नसून राष्ट्राचा आहे, त्यासाठी पेट्रोलवर जादा कर घेऊन वेगळा निधी उभारावा आणि अभियंत्यांनी एकत्र बसून मानके ठरवावीत, ही त्या समितीची दिशा होती. रस्ते निधी १९२९ मध्ये आला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्राममार्ग अशी पायरी-पायरीची रचना तिथे मांडली गेली. शंभर चौरस किलोमीटरला सोळा किलोमीटर रस्ता हे त्या नागपूर योजनेचे वीस वर्षांचे उद्दिष्ट होते. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबारचे रस्ते सरकारी बांधकाम खात्याच्या हाती आले. १९५५ च्या महामार्ग कायद्याने रस्त्याची हद्द, इमारत रेषा, नियंत्रण रेषा आणि अतिक्रमण काढण्याचे अधिकार ठरवून दिले. आज रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा हिरवा दिसला की तो राज्यमार्ग, पिवळा असला की राष्ट्रीय.

रस्ता टिकतो की नाही हे मात्र दगडाच्या रंगावर अवलंबून नसते. ते पोटातल्या थरांवर अवलंबून असते. भुदरगडच्या पश्चिमेला पठारांवर जांभा आहे, खाली काळा पाषाण आणि नदीकाठाला काळी माती. काळ्या पाषाणाची खडी उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही. काळी माती मात्र पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून तिच्यावर मुरुम आणि खडीचे थर जाड द्यावे लागतात. त्यात इथला पाऊस. डांबराचा खरा शत्रू वाहन नव्हे, पाणी. पृष्ठभागावर बारीक भेग पडते, पाणी आत शिरते, चाक वरून दाबले की ते पाणी खडीवरचे डांबर सोडवते आणि महिन्याभरात खड्डा तयार होतो. म्हणून रस्त्याला मधून कडेकडे दोन-अडीच टक्के उतार देतात, साईडपट्टी खाली ठेवतात आणि गटार मोकळे ठेवायला सांगतात. पावसाळ्यापूर्वी गवताने भरलेली साईडपट्टी खरवडून गटार साफ केले, तर डांबराचे आयुष्य वाढते. हे काम स्वस्त आहे आणि त्याचे उद्घाटन होत नाही, म्हणूनच ते मागे पडते.

वेदगंगेला पूर आला की रस्त्यांचे दुसरे सत्य दिसते. या जिल्ह्यात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पुलाचेही काम करतात. पावसाळा सरल्यावर फळ्या घालून पाणी अडवायचे आणि वरून माणसे, गाड्या न्यायच्या. पावसाळ्यात ते पाण्याखाली जातात आणि नदीपलीकडची गावे लांबच्या वळशाने राज्यमार्गावर येतात. हीच नदी पुढे निपाणीजवळ यमगर्णीला २०१९ च्या महापुरात राष्ट्रीय महामार्गावर आली होती. चौपदरी रस्ताही त्या दिवसांत बंद राहिला. पुलाची उंची आणि दोन्ही बाजूंचा भराव यांचा हिशेब चुकला की पदरांची संख्या काही कामाची उरत नाही.

आता हंगाम. बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा साखर कारखाना सुरू झाला की या रस्त्याचे रूप पालटते. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर ताशी पंधरा-वीसच्या वेगाने जातो, मागे एसटी, तिच्या मागे मोटारसायकली. दुपदरी रस्त्याचे डांबर सात मीटर असते. एवढ्या रुंदीत वेगात इतका फरक असलेली वाहने आली की ओलांडण्याचा मोह होतो, आणि बहुतेक समोरासमोरच्या धडका त्या मोहातून होतात. रात्री बिनदिव्याची ट्रॉली ही तर उभी आपत्ती. तिच्या मागच्या बाजूला लावलेल्या रिफ्लेक्टरच्या पट्टीची किंमत नगण्य आहे, तरी दर हंगामात तिच्यासाठी मोहीम काढावी लागते. आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला अमावस्येला लोटणारी गर्दी ही दुसरी भरती. महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा अशा तिन्ही बाजूंनी गाड्या येतात आणि एरवी पुरून उरणारा रस्ता त्या दिवशी पुरत नाही. असा रस्ता सरासरीवर आखून चालत नाही. उसाचे महिने, अमावस्या आणि बाजाराचा दिवस धरूनच त्याची मोजणी व्हायला हवी.

हे सगळे घेऊन राज्यमार्ग गारगोटीत शिरतो. तहसील कचेरी, एसटी आगार, कर्मवीर हिरे महाविद्यालय, मौनी विद्यापीठाच्या शाळा आणि संस्था, बाजारपेठ, दवाखाने, सगळ्यांना हा रस्ता लागतो. गंमत नव्हे, गंभीर गोष्ट ही की मानकांनुसार राज्यमार्गाला मोकळ्या शिवारात पंचेचाळीस मीटर जागा धरतात आणि दाट वस्तीत तीस मीटर. म्हणजे जिथे फक्त गाड्या पळतात तिथे जागा जास्त आणि जिथे गाड्या, पायी माणसे, हातगाड्या, रिक्षा, शाळेची मुले, दुकानाचा माल उतरवणारे टेंपो हे सगळे एकत्र येतात तिथे कमी. जुन्या गावांत तर ही तीस मीटरसुद्धा मिळत नाहीत, कारण घरे रस्त्याच्या आधीची आहेत. मोकळ्या भागात इमारत रेषा रस्त्याच्या मध्यापासून चाळीस मीटरवर आणि नियंत्रण रेषा पंचाहत्तर मीटरवर असायला हवी. पण गावाबाहेर फाट्यावर आधी चहाची टपरी येते, मग गॅरेज, मग पक्के गाळे, आणि दहा वर्षांत शिवारातल्या रस्त्याचीही पेठ होते. कळंब्याच्या बाजूला कोल्हापूर शहर याच पद्धतीने या रस्त्यावरून दक्षिणेला सरकत आले आहे.

पेठेतल्या रस्त्याचा सर्वांत दुर्लक्षित प्रश्न उंचीचा आहे. दर काही वर्षांनी जुन्या थरावर नवा थर पडतो. रस्ता वर येतो आणि कडेची घरे, दुकाने खाली राहतात. मग पावसाचे पाणी उंबऱ्यातून आत येते, दुकानदार पायरी वाढवतो, ती पायरी गटारावर येते, गटार बुजते आणि पाणी पुन्हा रस्त्यावर साठून डांबर खाते. जुना थर यंत्राने खरवडून काढून मूळ पातळीवर नवा टाकता येतो. ते तंत्र नवे नाही, फक्त अंदाजपत्रकात त्याची ओळ असावी लागते. वस्तीत काँक्रीट टाकण्यामागे पाणी आणि सतत लागणारे ब्रेक हे योग्य कारण आहे. पण पातळी आणि गटार आधी न ठरवता टाकलेले काँक्रीट ही चूक तीस वर्षांसाठी पक्की करते. डांबर निदान उकरता येते.

दुसरा प्रश्न पायी चालणाऱ्याचा. फुटपाथ किमान एक मीटर ऐंशी सेंटिमीटर मोकळा असावा, असे मानक सांगते. समोरासमोर आलेली दोन माणसे अंग न चोरता जातील एवढी ही रुंदी. फुटपाथ नसेल तर माणूस डांबरावर चालतो आणि वाहनाला सात मीटरपैकी पाचच मिळतात. म्हणजे फुटपाथ काढून टाकल्याने वाहनांना जागा मिळत नाही, उलट जाते. वेगाचे गणितही सरळ आहे. गाडीचा वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. ताशी तीसच्या वेगातल्या गाडीची धडक बसलेला माणूस बहुधा वाचतो, साठच्या वेगात क्वचितच. शाळा, स्टँड आणि बाजार यांच्या टप्प्यात तीसची मर्यादा आणि ती पाळायला लावणारी रस्त्याची रचना हवी. नुसता फलक पुरत नाही.

आणि हा रस्ता नक्की कुणाचा? डांबर बांधकाम खात्याचे, गटार आणि कचरा गावाचा, खांब वीज कंपनीचे, वाहतूक पोलिसांची, थांबे एसटीचे. २०१६ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी केली, तेव्हा हा प्रश्न देशभर एकदम ऐरणीवर आला. लहान गावांसाठी पुढे ते अंतर दोनशे वीस मीटर झाले. ही बंदी टाळण्यासाठी शहरांतून जाणारे राज्यमार्ग अवर्गीकृत करून नगरपालिकांच्या गळ्यात घालण्याची लगबग तेव्हा अनेक राज्यांत झाली, महाराष्ट्रातही. रस्त्याचा दर्जा असा सोयीने बदलला की त्याच्या देखभालीचा पैसाही हरवतो. गावातला राज्यमार्ग राज्याकडेच राहावा, मात्र त्याची आखणी गावाला विचारून व्हावी, असे मला वाटते.

बाह्यवळण हा उपाय अनेकांना पहिला सुचतो. उसाच्या ट्रॉल्या आणि अवजड ट्रक गावाबाहेरून गेले तर पेठ मोकळी होईल हे खरे. पण बाह्यवळणाच्या कडेने गाळे उभे राहू दिले तर पंधरा वर्षांनी दुसरे बाह्यवळण लागते. म्हणून नियंत्रण रेषा पहिल्या दिवसापासून पाळली जाणे ही त्याची अट आहे. नवा मोठा महामार्गही राज्यमार्गाला पर्याय ठरत नाही. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत सुमारे आठशे किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाची आखणी कोल्हापूर जिल्ह्यातून जाहीर झाली आणि इथल्या शेतकऱ्यांनी तिला कडाडून विरोध केला. बागायत जमीन हे त्यांचे मुख्य कारण आहे. त्यात मी एवढीच भर घालेन की प्रवेश बंद असलेला द्रुतगती मार्ग गारगोटीच्या भाजीवालीला, कडगावच्या दूधवाल्याला किंवा कॉलेजच्या मुलीला कधीच उपयोगी पडत नाही. त्यांचा रस्ता राज्यमार्गच. भुदरगडातल्या शिवडावहून कोकणात सोनवड्याला उतरणारा घाटरस्ता कित्येक दशके मागणीत आणि परवानग्यांत अडकून राहिला, तेव्हाही तालुक्याची गरज हीच होती: गावाला थांबणारा, गावाला जोडणारा रस्ता.

गारगोटीजवळ या कामासाठी एक गोष्ट आहे जी फार थोड्या तालुक्यांजवळ असते. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी उभारलेल्या मौनी विद्यापीठात स्थापत्य आणि ग्रामीण अभियांत्रिकीची संस्था आहे. आयसीआरई म्हणून ती जिल्ह्यात ओळखली जाते. खेड्यासाठी खेड्यातच अभियंता घडवावा, हा त्यामागचा विचार. तिथल्या मुलांना रस्त्याची पातळी मोजता येते, वाहने मोजता येतात, गटाराचा उतार काढता येतो. गावातल्या राज्यमार्गाचा खरा नकाशा, म्हणजे कुठे पाणी साठते, कुठे मुले रस्ता ओलांडतात, कुठे ट्रॉली वळत नाही, हे सगळे दाखवणारा, त्यांनी एका हंगामात तयार करावा.

आणि गारगोटीकरांनी, तसेच राज्यमार्गावरच्या प्रत्येक गावाने, पुढच्या कामाचा नारळ फुटण्यापूर्वी ग्रामसभेत अंदाजपत्रक मागवून चार गोष्टी विचाराव्यात: जुना थर खरवडणार की नाही, गटार कुठे उतरणार, फुटपाथ किती रुंद, आणि काम झाल्यावर देखभाल किती वर्षे आणि कुणाकडे. उत्तरे लेखी घ्यावीत.